साऊंड जाड येतो म्हणे!

"दादूस, यो सॉफ्टवेअर घेतला तं साऊंड जाड येल ना?"

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या पोरांनी विचारलाय की आता फोनवर 'दादूस' ऐकलं की पुढचं वाक्य मी मनातच पूर्ण करतो. ही पोरं न्हावा-शेवाची. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. १९८९ साली बंदर सुरू झालं आणि दोन गावांचं जोडनाव जगभरच्या कंटेनरांच्या कागदांवर गेलं. इथली पोरं आज बंदरात, गोदामांत, ट्रेलरवर शिफ्ट करतात आणि शिफ्ट सुटली की घरातल्या एका खोलीत गाणी करतात. खिडकीला जुनी गादी टेकवलेली, टेबलावर लॅपटॉप, दोन चॅनलचा इंटरफेस, एक माईक. हळदीची गाणी, एकवीरा आईची गाणी, कोळीगीतं. लग्नाचा हंगाम तोंडावर आला की गाणं यूट्यूबवर चढलंच पाहिजे. आणि बोनस हातात पडला की पहिला विचार येतो तो गाणी करायचं सॉफ्टवेअर बदलायचा.

समज असा: एफएल स्टुडिओचा साऊंड 'पंची', क्यूबेसचा 'जाड', लॉजिकचा 'क्लीन', रीपरचा 'पातळ'. म्हणजे फुकट किंवा स्वस्त तेवढं पातळ आणि महाग तेवढं जाड. पेढ्यांच्या भावासारखं.

नाही हो. मिक्स करताना सॉफ्टवेअर मुळात करतं काय? बेरीज. प्रत्येक ट्रॅक म्हणजे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे. फेडर हलवला की त्या आकड्यांचा गुणाकार होतो आणि सगळे ट्रॅक एकत्र आले की बेरीज होते. हे गणित सगळीकडे ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये चालतं. दोन सॉफ्टवेअरच्या उत्तरांत फरक उरलाच, तर तो इतक्या शेवटच्या दशांशात असतो की माणसाच्या कानाला तो कधीच कळणार नाही. दोन अधिक दोन महागड्या कॅल्क्युलेटरवर जाड चार होत नाहीत.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून पाहा. तेच दहा वेव्ह ट्रॅक दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये घाला. सगळे फेडर शून्यावर, पॅन मधोमध, एकही प्लगिन नाही, मास्टर रिकामा. दोन्हींतून ३२ बिट फ्लोटची फाईल काढा. त्या दोन फाईली एकाच प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक ठेवा, त्यांची पातळी जुळवा आणि एकीची फेज उलटी करा. चॅनलवर कापलेल्या शून्याचं बटण असतं, ते दाबायचं. दोन फाईली सारख्या असतील तर एकीचा चढ दुसरीच्या उतारात विरून जातो आणि शांतता उरते. याला नल टेस्ट म्हणतात.

मागच्या पावसाळ्यात हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका पोराला मी हे करायला बसवलं. प्ले दाबलं, काहीच नाही. त्याने आवाज वाढवला, हेडफोन बदलला, केबल काढून परत लावली. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याचं क्यूबेस मीच बिघडवलंय.

"पण मला फरक ऐकू येतो" असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. फरक असतो, पण तो भलतीकडून आलेला असतो. पहिलं कारण पॅनचा नियम. मोनो ट्रॅक मधोमध ठेवला की क्यूबेस नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याची पातळी ३ डेसिबलने उतरवतं. रीपर नेहमीच्या सेटिंगमध्ये उतरवत नाही. म्हणजे तोच आवाज, तीच ढोलकी, पण एकीकडे ३ डेसिबल जास्त. दुसरं कारण लिमिटर, म्हणजे आवाजाचे उंच चढ दाबून धरणारं प्लगिन. एफएलमध्ये कित्येक वर्षं नवा प्रोजेक्ट उघडला की मास्टरवर लिमिटर आधीपासून बसलेला असे. पोरांना तो दिसायचा नाही आणि 'एफएलचा पंच' म्हणून त्याचंच कौतुक व्हायचं. तिसरं कारण लूप ताणणं. १०० च्या लयीचा लूप १२० वर नेला की त्याचा पोत बदलतो आणि कोणती पद्धत निवडली यावर तो बदल ठरतो. गंमत म्हणजे एफएल, क्यूबेस आणि रीपर या तिघांतही त्यासाठी झेडप्लेन या एकाच जर्मन कंपनीचं इलास्टिक तंत्र मिळतं.

आणि खरं 'जाड' कुठून येतं? १९३३ साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज कमी असताना माणसाच्या कानाला खर्जाचे सूर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते भरून येतात. म्हणून जरासा मोठा आवाज म्हणजे 'जाड' आवाज. लॅपटॉपवर पातळ वाटलेलं गाणं हळदीच्या मांडवात डीजेच्या बॉक्सवर अंगावर येतं, तेव्हा मध्ये कोणी सॉफ्टवेअर बदललेलं नसतं.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो. हॅरिसन कंपनीचं मिक्सबस हे सॉफ्टवेअर जुन्या अॅनलॉग कन्सोलचा रंग मुद्दाम मिसळतं. तिथे फरक येतो, कारण तो घातलेला असतो. तोच रंग प्लगिन लावून रीपरमध्येही आणता येतो.

मग सॉफ्टवेअर निवडायचं कशावर? हाताला काय बसतं त्यावर. लूपवर लूप रचून गाणं बांधायचं असेल तर एफएलमध्ये झपझप काम होतं. गायक, बेंजो, ढोलकी समोर बसवून टेक घ्यायचे असतील तर क्यूबेस किंवा रीपर सोयीचं. लॉजिक फक्त अॅपलवर चालतं, त्यामुळे विंडोजचा लॅपटॉप असेल तर तो वाद तिथेच संपला. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं आणि नंतर वैयक्तिक वापरासाठी त्याचा परवाना ६० डॉलरचा. एफएल एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट, निदान आजवर कंपनीने तो शब्द पाळलाय. शेजारचा मित्र जे वापरतो ते घेणं हेही मूर्खपणाचं नाही. रात्री अडीचला काही अडलं की फोन त्यालाच लावायचा असतो.

आवाज खरोखर बदलतो तो वाद्यांनी, म्हणजे व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट्सनी, आणि तिथे गैरसमजांना तोटा नाही. मूळ घोळ असा की पोरं मिडीलाच आवाज समजतात. १९८३ साली आलेल्या मिडीत आवाज नसतोच. कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली आणि कधी सोडली, एवढीच ती चिठ्ठी. जोर मोजायला ० ते १२७ असे आकडे. त्या चिठ्ठीवरून वाजवणारं वाद्य वेगळं. क्यूबेसवाल्या स्टाईनबर्ग कंपनीने १९९६ साली प्लगिनसाठी व्हीएसटी ही पद्धत आणली आणि १९९९ मध्ये तिच्यात वाद्यंही आली. तेव्हापासून एकच वाद्य वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतं. म्हणजे तुमची आवडती व्हीएसटी ढोलकी क्यूबेसमध्ये जशी वाजते तशीच रीपरमध्ये वाजणार. वाद्यासाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज बहुतेक वेळा नसते.

आता बेंजो. आपल्याकडच्या मिरवणुकीतला, हळदीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. टाईपरायटरसारख्या कळा, खाली तारा. त्याचं मूळ जपानमध्ये, १९१२ सालच्या तैशोगोतो या वाद्यात. अमेरिकन बँजोशी त्याचं नावापलीकडे काही नातं नाही. माझ्या ओळखीच्या एकाने ऑफर बघून 'बँजो' नावाची लायब्ररी, म्हणजे टिपलेल्या सुरांचा संच, डॉलर मोजून घेतली. कीबोर्डवर बोट ठेवलं आणि एकवीरा आईच्या गाण्यात अमेरिकेतला गुराखी अवतरला! शोधायचं असेल तर बुलबुल तरंग या नावाने शोधा. त्याहून बरं म्हणजे गावात बेंजो वाजवणारा कोणी असेल तर त्याला तासभर बोलवा.

त्याच्याच जोडीचा दुसरा समज: लायब्ररी जितकी जड तितकी चांगली. ४० जीबीची ऑर्केस्ट्रा लायब्ररी जड असते कारण प्रत्येक सूर वेगवेगळ्या जोराने, पुन्हा पुन्हा, तीन-चार माईकवर टिपलेला असतो. हळदीच्या गाण्यात त्यातले दोन व्हायोलिनचे सूर वाजणार असतील तर बाकीची डिस्क नुसती अडून राहते. उलट ढोलकीचं पाहा. शाईवरचा टणत्कार सॅम्पलमध्ये छान येतो. पण धूमवर तळहात घासून काढलेला घुमारा एका सुरातून दुसऱ्यात सरकत जातो आणि सुटे सॅम्पल जोडून तो सरकणारा आवाज तयार होत नाही. तो पूर्ण वाक्यासारखा टिपलेला असेल तरच जिवंत वाटतो. म्हणून ढोलकीची लायब्ररी घेताना जीबी बघू नका, डेमोत घुमारा ऐका.

अशा लायब्ररी वाजवणाऱ्या कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरचा घोळ तर दर महिन्याला येतो. कॉन्टॅक्ट प्लेअर फुकट आहे म्हणून कोणतीही कॉन्टॅक्ट लायब्ररी त्यात चालेल असं समजून पैसे भरले जातात. प्लेअरसाठी परवाना घेतलेल्या लायब्ररीच त्यात पूर्ण चालतात. ज्या लायब्ररीला पूर्ण कॉन्टॅक्ट लागतं ती प्लेअरमध्ये १५ मिनिटं वाजते आणि गप्प होते. वर्णनात ते लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात.

'कीबोर्डवरून मींड येत नाही' हाही असाच समज. मिडीच्या पिच बेंडमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, फक्त बहुतेक वाद्यांत त्याची मर्यादा दोन अर्धस्वरांवर ठेवलेली असते. ती वाढवा आणि मग हाताला सराव करू द्या. सरावाचं प्लगिन अजून निघालेलं नाही.

किरकोळ समज पटापट उरकतो. 'लॅग येतो, सॉफ्टवेअर बदलू': लॅग ड्रायव्हरचा आणि बफरचा असतो. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ चा बफर म्हणजे जेमतेम ६ मिलिसेकंद आणि १०२४ चा म्हणजे २३. इंटरफेसचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर टाका आणि रेकॉर्डिंगला ब्लूटूथ हेडफोन कानाला लावू नका.

'९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं की गाणं स्टुडिओसारखं वाजतं': २००७ साली मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापलेल्या चाचणीत, उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवलं तर ते ओळखता येतं का हे ५५४ वेळा तपासलं. बरोबर उत्तरं आली २७६. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. खोलीत ट्रेलरची घरघर येत असेल तर ती ९६ वर अधिक बारकाईने टिपली जाईल, एवढंच.

'यूट्यूबसाठी मास्टर जितका मोठा तितका बरा': यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) वरची गाणी स्वतःच खाली आणतं. पंच तुम्ही चिरडलेला असतो, तो परत येत नाही. डीजेसाठी वेगळं मास्टर काढा, तिथे आवाज खाली आणणारं कोणी नसतं.

'क्रॅक वापरला तर कोण विचारतंय': प्रताधिकार कायदा १९५७, कलम ६३ ख. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. पण हळदीच्या गाण्याचे पैसे घेतलेत ना? कायदा बाजूला ठेवला तरी क्रॅकबरोबर लॅपटॉपमध्ये काय शिरतं, हे बँकेचं अॅप त्याच लॅपटॉपवर उघडणाऱ्याने बघावं.

शेवटचा समज अपग्रेडचा: नव्या आवृत्तीत जुना प्रोजेक्ट जसाच्या तसा उघडतो. बहुतेक वेळा उघडतोही. पण लॉजिकने २०१३ मध्ये ३२ बिट प्लगिन बंद केले, क्यूबेसने २०१६ च्या अखेरीस. जुन्या व्हीएसटी २ पद्धतीचा आधार काढून घेत असल्याचं स्टाईनबर्गने २०२२ च्या सुरुवातीला जाहीर केलं. प्रोजेक्ट फाईलमध्ये वाद्य नसतं, वाद्याचा फक्त पत्ता असतो. घर पाडलं की पत्ता काय कामाचा? म्हणून अपग्रेडच्या आधी प्रत्येक मिडी ट्रॅकची वेव्ह फाईल काढून वेगळ्या डिस्कवर ठेवायची.

मी ठेवली नव्हती. एका हळदीच्या दोन दिवस आधी, रात्री, नवी आवृत्ती आलीय म्हणून घाईने टाकली. सकाळी प्रोजेक्ट उघडला तर ढोलकीच्या ट्रॅकवर प्लगिन सापडत नसल्याची सूचना. तो ३२ बिट होता आणि तो बनवणाऱ्याने काम कधीच गुंडाळलं होतं. मांडवात ते गाणं आदल्या आठवड्यात नवरदेवाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या कच्च्या एमपीथ्रीवरच वाजलं. आजही माझ्याकडे त्याची तेवढीच एक प्रत आहे.