बिबट्या आला तर सरपंच काय करू शकतो? पिंपरी पेंढारच्या निमित्ताने समजून घ्या गावचा कारभार

इंटरनेटवर नुसतं 'पिंपरी' टाकलं की समोर येते ती पिंपरी-चिंचवड महानगरपालिका. पण पुणे जिल्ह्यात आणखी एक पिंपरी आहे. जुन्नर तालुक्यात, कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधल्या पट्ट्यात. ही पिंपरी पेंढार. इथे महापौर नाही, आयुक्त नाही. इथे आहे ग्रामपंचायत.

२०२४ मध्ये हे गाव बातम्यांत आलं ते बिबट्याच्या हल्ल्यात महिलेचा जीव गेल्यामुळे. अशी घटना घडली की लोक पहिल्यांदा जाब विचारतात तो सरपंचाला. कारण तोच दारात सापडतो. पण सरपंचाच्या हातात नेमकं काय असतं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पूर्वी गाव चालवायचे पाटील आणि कुलकर्णी. पाटील सारा वसूल करायचा, तंटे मिटवायचा. कुलकर्णी दप्तर सांभाळायचा. दोन्ही कामं वतनाने, म्हणजे बापाकडून मुलाकडे. इंग्रजांच्या काळात १९२० साली मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा कायदा आला, तरी वतनदारी संपली नाही. कुलकर्णी वतन गेलं १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या. आज गावात दिसतो तो पोलीस पाटील. तो १९६७ च्या वेगळ्या कायद्याने नेमला जातो आणि त्याचा ग्रामपंचायतीच्या कारभाराशी संबंध नसतो.

सध्याची ग्रामपंचायत चालते १९५८ च्या कायद्यावर. त्यानंतर १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि तीन मजले तयार झाले: गावात ग्रामपंचायत, जुन्नरला पंचायत समिती, पुण्यात जिल्हा परिषद. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली. तरीही मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं वरचे दोन्ही मजले प्रशासकाच्या हाती राहिले. म्हणजे या काळात गावकऱ्यांनी निवडून दिलेली ग्रामीण संस्था उरली होती ती फक्त ग्रामपंचायत.

लोकसंख्येनुसार पंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंच कोणी निवडायचा यावर मात्र सरकारांचं एकमत नाही. २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तलाठी आणि ग्रामसेवक यांच्यात. सातबारा, फेरफार, पीक पाहणी हे तलाठ्याचं काम. तो महसूल खात्याचा माणूस, तहसीलदाराच्या हाताखालचा. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद, सभेचं इतिवृत्त हे ग्रामसेवकाचं. २०२४ मध्ये दोघांचीही पदनामं बदलली: तलाठी झाला 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवक झाला 'ग्रामपंचायत अधिकारी'. गावात अजून जुनीच नावं चालतात, आणि नवी नावं इतकी सारखी आहेत की चालणारच.

आता पैसा. घरपट्टी आणि पाणीपट्टी हे हक्काचं उत्पन्न, पण थकबाकी सगळीकडेच असते. मोठा आधार वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी गेल्या काही वर्षांत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांतून रस्ते, दिवाबत्ती वगैरे. पगारावर तीही खर्च करता येत नाही.

मग बिबट्याचं काय? जुन्नरमध्ये धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि बिबट्याला लपायला बारमाही जागा मिळाली. पिंजरा लावायचा, बिबट्या पकडायचा, माणिकडोहच्या निवारा केंद्रात हलवायचा हा अधिकार वन विभागाचा. मृत्यू झाला तर कुटुंबाला मिळणारे २५ लाख रुपयेही राज्य सरकारचे. पिकाला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता यावं म्हणून वीज हवी, तर ती महावितरणकडे. पंचायत स्वतः करू शकते ते एवढंच: वस्त्यांच्या रस्त्यावर दिवे लावणं, झुडपं काढणं, शाळेच्या वाटेकडे लक्ष ठेवणं आणि ठराव करून वर पाठवणं.

हा ठराव जिथे होतो ती ग्रामसभा, आणि खरी गंमत तिथेच आहे. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावातले सगळे मतदार. वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग दहा-वीस जणांत वर्षभराचा आराखडा मंजूर होतो. लाभार्थ्यांच्या याद्याही याच सभेपुढे येतात. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव सदस्यांनी मंजूर केला, तरी तो गुप्त मतदानासाठी शेवटी ग्रामसभेतच जातो.

सभेचं इतिवृत्त आणि जमाखर्च कोणताही गावकरी माहितीच्या अधिकारात मागू शकतो. अर्ज ग्रामपंचायत कार्यालयातच द्यायचा, १० रुपये शुल्क भरून. उत्तर साधारण ३० दिवसांत मिळायला हवं.