एच-इंडेक्स म्हणजे काय? आणि धनंजयराव गाडगीळ त्यात का मावत नाहीत?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडतं. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, हे मोजायचं आणि मग कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. पाणी कमी असेल तर पिकांना कात्री लागते. मोजलेल्या आकड्यावरून निर्णय होतो, म्हणून त्या आकड्याला किंमत आहे.

अर्थतज्ज्ञांच्या कामाचाही असाच हिशोब होतो. पण तिथे नेमकं काय मोजतात?

सायटेशन आणि एच-इंडेक्स

एका संशोधकाने दुसऱ्याच्या शोधनिबंधाचा संदर्भ दिला की ते एक सायटेशन. यावरूनच भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला. एखाद्याच्या १० निबंधांना प्रत्येकी किमान १० सायटेशन असतील, तर त्याचा एच-इंडेक्स १०. एकच निबंध हजार वेळा गाजला आणि बाकीचे कुणी वाचलेच नाहीत, तर इंडेक्स १ वरच अडकतो.

नेमणूक, बढती, संशोधनासाठीचा निधी अशा ठिकाणी हे आकडे पाहिले जातात. पण त्यांना मर्यादा आहेत. विषयानुसार सायटेशनचं प्रमाण बदलतं. जगभर अभ्यासक असलेल्या वित्त बाजारावरच्या निबंधाला जेवढे संदर्भ मिळतात, तेवढे एका शहरातल्या घरांवरच्या अभ्यासाला मिळणं अवघड. शिवाय पुस्तकं, सरकारी अहवाल आणि मराठीतलं लेखन या मोजणीत बऱ्याचदा सुटून जातं.

गाडगीळांचं काम कुठे मोजायचं?

धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म १९०१ चा. भारताच्या औद्योगिक विकासावरचं त्यांचं पुस्तक १९२४ मध्ये आलं. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि तिची धुरा त्यांनी सांभाळली. पुण्यातली माणसं कशी जगतात, काय कमावतात, याची घरोघरी पाहणी त्यांनी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

यातलं बरंचसं काम पुस्तकं आणि अहवालांच्या रूपात आहे. आजच्या डेटाबेसमध्ये ते शोधलं तर हाती थोडंच लागेल.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिला, तेव्हा गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने कर्जपुरवठ्यासाठी जिल्हानिहाय विचार करण्याची शिफारस केली. त्या वर्षअखेरीस रिझर्व्ह बँकेने लीड बँक योजना आणली. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे देणारी ही योजना आजही सुरू आहे.

केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची, यासाठीचा 'गाडगीळ फॉर्म्युला'ही १९६९ चाच. त्यात ६० टक्के वजन लोकसंख्येला होतं. उरलेले ४० टक्के दरडोई उत्पन्न, कर गोळा करण्याचे प्रयत्न, सुरू असलेले सिंचन व वीज प्रकल्प आणि राज्यांचे खास प्रश्न यांत समान वाटलेले होते.

मग आकडे निरुपयोगी आहेत का?

नाहीत. ओळखीपाळखीवर निवड होण्यापेक्षा एखादा उघड निकष केव्हाही बरा. इतर अभ्यासकांना एखादं काम किती उपयोगी पडलं, हे सायटेशनवरून कळतं. पण गावातल्या माणसाला त्याच्यामुळे कर्ज मिळालं का, हे कळत नाही.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. परिणाम मोठा असला म्हणजे तो सगळीकडे चांगलाच असतो असं नाही. सहकारी कारखानदारीने याच जिल्ह्यात ऊस वाढवला. हिवरे बाजारने मात्र पाणी वाचवण्यासाठी ऊस न लावण्याचं ठरवलं. कोणत्याही संशोधनाचा खरा हिशोब मांडायचा तर या दोन्ही नोंदी घ्याव्या लागतील. एच-इंडेक्सच्या एका आकड्यात त्यातली एकही दिसत नाही.