तबकडीची निगा (भाग ४) : सुईला जपायचे कसे?

गेल्या आठवड्यात तबकड्या धुऊन झाल्या, आता सुई.

चावीच्या ग्रामोफोनच्या काळात हा प्रश्नच नव्हता. पोलादी पिना पत्र्याच्या डबीत मिळत. एक बाजू वाजली की पिन बदलायची. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मिसळलेली असे आणि ती पिनेला घासून खाचेच्या मापाची करी. झिजणे हेच त्या पिनेचे काम. १९४८ साली विनाइलची एलपी आली, खाच बारीक झाली आणि पुढे हिऱ्याच्या टोकाची सुई रुळली. हिरा म्हटल्यावर लोक निर्धास्त झाले.

हिरा टिकतो हे खरेच. नीट वापरला तर ५०० ते १००० तास. पण तो बसवलेला असतो एका अतिबारीक दांडीवर, आणि दांडीच्या मुळाशी रबराचा इवलासा तुकडा. सुई कामातून जाते ती बहुधा इथे, तीही पुष्कळदा साफसफाई करताना. बोटाने धूळ उडवू नका, फुंकर मारू नका (थुंकी उडतेच), शर्टाची बाही तर लांबच ठेवा.

आधी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा. मग मऊ, आखूड केसांचा ब्रश मागून पुढे, म्हणजे तबकडी सुईखालून सरकते त्याच दिशेने, हलकेच फिरवा. उलटा किंवा आडवा फिरवलात तर दांडी वाकलीच समजा. प्रत्येक बाजू लावण्यापूर्वी एवढे केले तरी पुरते. चिकट मळ बसला असेल तर ब्रशच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा द्या, तोही क्वचित; थेंब दांडीवरून वर चढला तर रबर आणि डिंक दोन्ही बिघडतात. सुई पूर्ण वाळू द्या. घरात बालगंधर्वांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या असतील तर अल्कोहोल त्यांच्या आसपासही नको. लाख त्यात विरघळते.

या तबकड्यांना सुईही वेगळी, जाड टोकाची लागते. एलपीची सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाला टेकते, तिथला कचरा उकरते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकवते. जुन्या घरगुती प्लेअरांत काही वेळा दोन्ही टोके एकाच कार्ट्रिजवर असतात, छोटी कळ फिरवून बदलायची. तिथे दोन्ही टोके साफ करा. न वापरलेल्या टोकावरही धूळ बसतेच.

साफ करूनही गायिकेचा ‘स’ फिसकटत असेल, विशेषतः बाजूच्या शेवटच्या गाण्यात, तर सुई झिजली असण्याची शक्यता मोठी. झिजलेल्या हिऱ्याला धारदार कडा येतात आणि त्या खाच कापत जातात. ते नुकसान कुठल्याही धुण्याने भरून येत नाही. म्हणून जुन्या बाजारातून प्लेअर आणलात तर विकणारा काहीही सांगो, आधी सुई बदला, मगच आवडती तबकडी लावा. नव्या सुईवर किती ग्रॅम वजन द्यायचे, ते पुढच्या आठवड्यात.