गल्ल्यावरचा नकार कुठवर पोचतो?

१९ जुलै १९८४. डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवरचं डन्स स्टोअर्सचं दुकान. गल्ल्यावर मेरी मॅनिंग, वय २१. समोर आलेल्या गिऱ्हाइकाच्या खरेदीत दोन ग्रेपफ्रूट होती, आपल्या पपनसाच्या जातकुळीतली. त्यावर ‘आउटस्पॅन’ हे नाव, म्हणजे माल दक्षिण आफ्रिकेचा. वर्णभेदी राजवटीच्या मालाला हात लावायचा नाही, असा तिच्या युनियनचा ठराव होता. मेरीने ती फळं बिलात घ्यायला नकार दिला. मालकांनी तिला निलंबित केलं आणि तिच्यामागोमाग सहकारी दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. जेमतेम दहा-अकरा जणांचा हा संप पावणेतीन वर्षं चालला. दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांच्या आयातीवर आयर्लंड सरकारने बंदी घातली, तेव्हा १९८७ मध्ये तो संपला.

ही गोष्ट ऐकून काही जण म्हणतात, ‘बघा, गिऱ्हाइकाने ठरवलं तर सरकारं वाकतात!’ दुसरे म्हणतात, ‘दोन फळांनी प्रिटोरियातल्या सरकारला काय फरक पडला?’ दोघांचंही थोडं बरोबर आहे आणि थोडं चुकतंय.

गैरसमज १: लोकांनी माल घेणं सोडलं की त्या सरकारची तिजोरी आटते.

वस्तुस्थिती: दक्षिण आफ्रिकेचा गाडा संत्र्यांवर चालत नव्हता. तो चालत होता सोनं, हिरे, कोळसा आणि प्लॅटिनमवर. सोन्याच्या विटेवर फळासारखी चिकटपट्टी नसते. वितळून दागिना झालेलं सोनं कुठल्या खाणीतलं, हे ना सोनाराला सांगता येतं ना गिऱ्हाइकाला. म्हणून बहिष्कार फळांवर आणि वाइनवर आला. हा माल डोळ्यांना दिसणारा होता आणि नाव घेऊन बाजूला ठेवता येत होता.

पण घाव सरकारवर थेट बसला नाही. तो बसला मधल्या माणसांवर: दुकानदार, आयातदार, बँक आणि आपल्याच देशातलं सरकार. बार्कलेज बँकेचं उदाहरण घ्या. तिची दक्षिण आफ्रिकेतली शाखा-कंपनी तिथल्या बड्या बँकांपैकी होती. ब्रिटनमधले विद्यार्थी वर्षानुवर्षं बार्कलेजमध्ये खातं उघडायचं नाकारत होते. त्या खात्यांत असून किती पैसे असणार? पण आजचा विद्यार्थी उद्याचा पगारदार असतो, हे बँकेलाही कळत होतं. १९८६ मध्ये बार्कलेजने दक्षिण आफ्रिकेतून काढता पाय घेतला. प्रिटोरियाला विद्यार्थ्यांची खाती दिसत नव्हती, पण बँक गेलेली दिसली.

गैरसमज २: वर्णभेद बहिष्काराने संपवला.

वस्तुस्थिती: एकट्या बहिष्काराने नाही. राजवटीला सर्वांत मोठा आर्थिक दणका बसला तो १९८५ मध्ये. कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये उठाव पेटला होता. जुलैमध्ये सरकारने आणीबाणी लादली. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या चेस मॅनहॅटन बँकेने कर्जांची मुदत वाढवायचं थांबवलं आणि इतर बँका तिच्या मागे गेल्या. १५ ऑगस्टला दरबानमध्ये अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा मोठ्या सुधारणा जाहीर करतील अशी हवा होती. त्यांनी उलट ताठरपणा दाखवला आणि तिथलं चलन रँड कोसळलं. १ सप्टेंबरला सरकारला परदेशी कर्जांची परतफेड गोठवावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला.

चेस मॅनहॅटनने कारण दिलं ते जोखमीचं. पण ही जोखीम तयार कोणी केली? रस्त्यावर उतरलेल्या तिथल्या लोकांनी आणि परदेशात ‘तुमचे पैसे तिथे का?’ असं पंचवीस वर्षं विचारत राहिलेल्या ग्राहकांनी, विद्यार्थ्यांनी, चर्चेसनी. राजवट वाकण्यात शीतयुद्ध संपल्याचाही वाटा होता. कम्युनिझमचा बागुलबुवा दाखवून पाश्चात्त्य देशांचा पाठिंबा मिळवायची सोय त्यामुळे गेली. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले, त्यामागे हे सगळं होतं. फळांवरचा बहिष्कार हा त्यातला एक धागा.

गैरसमज ३: झळ शेवटी गरिबालाच लागते, म्हणून बहिष्कार चूक.

वस्तुस्थिती: झळ लागते, हे खरं. फळबागेतल्या मजुराची रोजी बुडू शकते. हा मुद्दा ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरही मांडत असत. पण त्या मजुराच्या वतीने कोण बोलतंय, हेही बघायला हवं. डिसेंबर १९५९ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी ब्रिटिश जनतेला बहिष्काराचं आवाहन केलं. त्यांच्यासोबत सही होती नाताळ इंडियन काँग्रेसचे मॉन्टी नायकर आणि लिबरल पक्षाचे पीटर ब्राउन यांची. आपल्याच लोकांना त्रास होईल, हे त्यांनी त्याच पत्रकात मान्य केलं होतं. रोजचा जाच कायम सोसण्यापेक्षा हा त्रास पत्करू, असा तो हिशेब होता.

दक्षिण आफ्रिकेतले लोक स्वतःही हे हत्यार वापरत होते. १९५९ मध्ये त्यांनी बटाटे खाणं सोडलं, कारण बेथल भागातल्या शेतांवर कृष्णवर्णीय मजुरांचे हाल होत होते. १९८५ मध्ये पोर्ट एलिझाबेथच्या वस्त्यांनी गोऱ्यांच्या दुकानांकडे पाठ फिरवली आणि व्यापारीच सरकारकडे तडजोडीसाठी गेले. ज्यांच्यासाठी बहिष्कार टाकायचा त्यांनीच तो मागितला असेल, तर परक्याने ‘तुमच्याच भल्यासाठी माल घेतो’ म्हणणं पोकळ ठरतं.

गैरसमज ४: ही पोट भरलेल्या पाश्चात्त्यांची फॅशन.

वस्तुस्थिती: दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत. साल १९४६, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. तिथल्या भारतीयांच्या जमीनहक्कांवर गदा आणणाऱ्या कायद्याविरुद्ध हे पाऊल उचललं होतं. भारताच्या निर्यातीपैकी सुमारे ५ टक्के माल तेव्हा तिकडे जात होता. हा तोटा नवखा देश सोसत राहिला. घरात जुना भारतीय पासपोर्ट असेल तर उघडून बघा. ‘दक्षिण आफ्रिका वगळता’ अशा अर्थाची नोंद त्यात सापडेल. १९७४ मध्ये भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला, समोर दक्षिण आफ्रिका आली, आणि आपण खेळायलाच नकार दिला. कप त्यांना न खेळता मिळाला.

महाराष्ट्राला तर हे नवं नाहीच. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार होता आणि परदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू १९३० मध्ये मुंबईत काळबादेवीला चिरडला गेला.

गैरसमज ५: तिथे जमलं, म्हणजे कुठेही जमेल.

वस्तुस्थिती: म्यानमारच्या लष्करशाहीविरुद्ध १९९० च्या दशकात अमेरिकी विद्यार्थ्यांनी मोहीम चालवली. पेप्सीने १९९७ मध्ये तो देश सोडला. लष्कर मात्र जागचं हललं नाही, कारण त्याला पैसा मिळू लागला तो नैसर्गिक वायूचा, आणि तो नळीतून थायलंडला जात होता. नळीतल्या वायूवर बहिष्कार कुठलं गिऱ्हाईक टाकणार?

उझबेकिस्तानात उलट घडलं. तिथे शिक्षक, डॉक्टर, अगदी शाळकरी मुलांनाही कापूस वेचायला सक्तीने धाडत. कापसाचा धंदा सरकारच्याच मुठीत होता, त्यामुळे घाव बसला तो नेमका सरकारवर. तीनशेहून अधिक ब्रँडनी तो कापूस न वापरण्याची हमी दिली. तरी २०१६ मध्ये अध्यक्ष करिमोव्ह वारले आणि नव्या अध्यक्षांना जगाशी व्यापार हवासा वाटला, तेव्हाच बदलाला वेग आला. २०२१ च्या वेचणीत पद्धतशीर वेठबिगारी उरली नाही, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सांगितलं आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला.

गैरसमज ६: त्या देशाचं नाव असलेलं सगळं टाळलं की झालं.

वस्तुस्थिती: २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर आपल्याकडे चायनीज पदार्थांवरही बहिष्काराची भाषा झाली. चौकातल्या गाडीवरचं मंचुरियन बंद झाल्याने बीजिंगला काय होणार? कोबी इथला, गाडीवाला इथला, आणि तो पदार्थ जन्मला तोही भारतातच. याउलट, जिथे वेठबिगारीचे आरोप आहेत त्या चीनच्या शिनजियांगमधून जगातला सुमारे एकपंचमांश कापूस येतो. त्याचं सूत एका देशात, कापड दुसऱ्या देशात, शिलाई तिसऱ्या देशात होते. लेबलवर नाव येतं ते शेवटच्या देशाचं. दुकानात उभं राहून हे ओळखता येत नाही. म्हणूनच अमेरिकेने जून २०२२ पासून शिनजियांगचा माल वेठबिगारीचा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आयातदारावर टाकली.

आणखी एक घोळ शब्दातच आहे. मराठीत बहिष्काराचा दुसरा अर्थ वाळीत टाकणं. जातपंचायतींच्या त्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. वाळीत टाकतात माणसाला, आणि बहुधा कायमचं. मालावरच्या बहिष्काराला मागणी असते, आणि ती पुरी झाली की तो उठवायचा असतो. २४ सप्टेंबर १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांमध्ये उभं राहून मंडेलांनी जगाला सांगितलं की आता आर्थिक निर्बंध उठवा. लुथुलींच्या पत्रकाला तेव्हा चौतीस वर्षं होत आली होती, आणि बहिष्कार संपवायची हाकही त्यांच्याच आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या अध्यक्षाने, मंडेलांनी, दिली.