काचबिंदू शोधणारे यंत्र कसे पारखावे?

समजा, एक यंत्र काचबिंदूच्या १०० रुग्णांपैकी ९० जणांना बरोबर ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकी ९० जणांना 'ठीक' म्हणते. ते गावोगावच्या नेत्रशिबिरांत न्यावे का?

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे चेतातंतू मरत जातात. बहुधा दुखत नाही. आधी बाजूची नजर जाते, समोरचे दिसत राहते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र उपचारांनी टिकवता येते. तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील एका पाहणीत (२००३) चाळिशीपुढच्या २.६ टक्के लोकांना काचबिंदू आढळला. त्यांतल्या ९३ टक्के लोकांचे निदान तोवर झालेलेच नव्हते!

डोळ्यातला दाब मोजून भागत नाही, कारण दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही काचबिंदू होतो. म्हणून दृष्टिपटलाची प्रतिमा घ्यायची. १९९१ साली पुढे आलेल्या 'ओसीटी' तंत्रात डोळ्यात अवरक्त प्रकाश सोडतात आणि परतलेल्या प्रकाशावरून चेतातंतूंच्या थराची जाडी काढतात. ती निरोगी लोकांच्या जाडीशी ताडून यंत्र लाल खूण करते. मोठ्या उणे नंबरच्या निरोगी डोळ्यातही हा थर पातळ भरू शकतो. मग लाल खूण फुकटच!

आता आपले गणित. शिबिरात १००० जण आले. २.६ टक्के धरले तर रुग्ण २६. त्यांतले सुमारे २३ सापडतील. निरोगी ९७४, त्यांतल्या सुमारे ९७ जणांनाही यंत्र 'संशयित' म्हणेल. म्हणजे १२० जणांनी मजुरी बुडवून तालुक्याला जायचे आणि त्यांतल्या जेमतेम पाचातल्या एकालाच आजार असायचा. दोष यंत्राइतकाच आजाराच्या विरळपणाचा आहे. रुग्णांच्या सख्ख्या भावंडांत धोका बराच जास्त असतो. तिथे १००० जणांत १०० रुग्ण आहेत असे धरले, तर बोलावलेल्या १८० पैकी निम्मे खरे रुग्ण निघतील. यंत्र तेच!

आणखी एक मेख. ते '९०' आले कुठून? पुष्कळदा दवाखान्यातल्या आजार बळावलेल्या रुग्णांवरून. तिथे यंत्र हुशार ठरते; शिबिरातला नुकता सुरू झालेला काचबिंदू त्याला चकवतो. म्हणून यंत्र पारखताना आम्ही आधी विचारतो, तपासलेली माणसे कोण होती?

आता १०० निरोगींपैकी ९८ जणांना 'ठीक' म्हणणारे, पण १०० रुग्णांपैकी ७० जणांनाच ओळखणारे यंत्र घेऊन त्याच १००० जणांचे गणित वर्गात करून पाहा. व्यर्थ हेलपाटे किती वाचतात? आणि 'ठीक' ऐकून घरी गेलेले रुग्ण किती?