गावात पक्का ड्रायव्हर, पण ऑनलाइन रेसमध्ये शेवटचा : असं का होतं?

कर्जत ते राशीन आणि पुढे भिगवण हा रस्ता ज्याने ऊसतोडीच्या सीझनमध्ये रात्री गाडी चालवत काढलाय, त्याला ड्रायव्हिंग वेगळं शिकवायची गरज नाही असं आपल्याकडे समजतात. (कर्जत म्हणजे आपलं नगर जिल्ह्यातलं, रायगडवालं नव्हे.) पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्याला मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. समोरून डिपर न देणारा ट्रक. मध्येच रस्ता ओलांडणारं कुत्रं. यातून गाडीला ओरखडा न लागता घरी येणारा पोरगा खरंच चांगला ड्रायव्हर असतो.

हाच पोरगा पुण्यात एखाद्या मित्राच्या रूमवर स्टीअरिंग व्हील लावलेल्या सिम्युलेटरवर बसतो. असेटो कोर्सा किंवा आयरेसिंग सुरू होतं आणि पहिल्याच वळणावर गाडी मातीत जाते. दुसऱ्या लॅपला भिंतीत. शेजारी बसलेला, लायसन्ससुद्धा न काढलेला भाऊ मात्र त्याच्यापेक्षा पाच सेकंदांनी पुढे. मग 'गेम फालतू आहे' असं म्हणून विषय संपतो.

गेम फालतू नसतो. रस्त्यावरचं कौशल्य आणि शर्यतीतलं कौशल्य यांची दिशाच उलटी असते. रस्त्यावर चांगला ड्रायव्हर तो, जो टायर घसरण्याच्या सीमेपासून लांब राहतो. शर्यतीत चांगला तो, जो प्रत्येक वळणावर बरोबर त्या सीमेवर राहतो. आणि ती सीमा जवळ आल्याचं आपल्याला सांगतं आपलं शरीर, जे सिम्युलेटरमध्ये जवळपास बंद असतं.

आधी टायरचं बघू. टायरकडे शंभर रुपये आहेत असं समजा. हे पैसे ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर करा किंवा वेग वाढवण्यावर करा, पण एका वेळी एकूण शंभरच. सगळे ब्रेकवर उडवले आणि तेव्हाच स्टीअरिंग फिरवलं तर वळायला पैसेच उरत नाहीत, गाडी सरळ जाते. रोजच्या रस्त्यावर आपण यातले साधारण वीस-तीस रुपयेच वापरतो, म्हणून हा हिशोब कधी कळतच नाही. सिम्युलेटरमध्ये पहिल्या वळणापासून पंच्याण्णव रुपये खर्च करायचे असतात. नवा माणूस एकदम एकशेवीस खर्च करायला जातो.

यातूनच ब्रेकची सवय उलटी करावी लागते. रस्त्यावर आपण ब्रेक हळू लावायला सुरुवात करतो आणि गरज पडली तर वाढवतो. मागे बसलेल्यांना झटका बसू नये हा त्यातला शहाणपणा. शर्यतीत सुरुवातीलाच, गाडी सरळ असताना, ब्रेक जोरात दाबायचा आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत जायचा. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. रुपयांच्या भाषेत, ब्रेकवरचे पैसे एकेक करून काढायचे आणि वळण्याकडे द्यायचे. माझ्या मते रस्त्यावरून आलेल्या माणसाचा निम्मा वेळ इथेच वाया जातो, कारण पाय ऐकत नाही.

आता शरीराचं. खऱ्या गाडीत मागचं चाक सटकायला लागलं की डोळ्यांच्या आधी कमरेला कळतं. ब्रेक किती लागला हे छातीवरचा सीटबेल्ट सांगतो. घरच्या खुर्चीत यातलं काही नाही. मग ही माहिती तीन दुसऱ्या वाटांनी घ्यायला शिकावं लागतं. हातांना : चांगल्या व्हीलमध्ये फोर्स फीडबॅक असतो, म्हणजे मोटर स्टीअरिंगला खऱ्यासारखा जोर लावते. वळणात स्टीअरिंग अचानक हलकं पडलं तर पुढचे टायर घसरताहेत, आणखी फिरवून उपयोग नाही. कानांना : टायरची हलकी कुरकुर म्हणजे सीमा जवळ, किंचाळी म्हणजे ओलांडली. म्हणून म्युझिक बंद करा, हेडफोन लावा. आणि डोळ्यांना : गाडीचं नाक ज्या दिशेला आहे आणि गाडी ज्या दिशेला चाललीय, त्यातला फरक वाढला की मागचं चाक निघालं.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर सेटिंगमधली एक गोष्ट, जी बहुतेक जण कधी उघडूनही बघत नाहीत. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनमधून किती अंशांचा देखावा दाखवायचा. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटीमीटर रुंद असतो. तुम्ही त्यापासून ६० सेंटीमीटरवर बसलात तर तो तुमच्या डोळ्यांसमोरचे जेमतेम ४८ अंश व्यापतो. गेम मात्र त्याच चौकटीत त्याहून बराच रुंद देखावा कोंबतो, कारण त्याने वेग थरारक वाटतो. तोटा असा की लांबचं वळण आणखी लांब दिसतं आणि वेगाचा अंदाज चुकतो. खऱ्या रस्त्यावर वर्षानुवर्षं तयार झालेली तुमची नजर इथे फसते. आकडा खऱ्या कोनाजवळ आणला की पहिल्यांदा सगळं संथ आणि अडचणीचं वाटतं, पण ब्रेक कुठे लावायचा ते अचूक कळायला लागतं.

खरे रेसर्ससुद्धा यातून सुटलेले नाहीत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यती थांबल्या तेव्हा ड्रायव्हर घरून व्हर्च्युअल ग्रां प्री खेळले. जॉर्ज रसेलने त्यातल्या शेवटच्या चार ओळीने जिंकल्या, पण पहिल्या चारपैकी एकही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात फॉर्म्युला ई मधला डॅनियल अॅब्ट याने तर कमालच केली : ऑनलाइन शर्यतीत स्वतःच्या नावावर एका सराईत सिम रेसरला बसवलं. पकडला गेला, दंड झाला आणि ऑडीने त्याला निलंबित केलं. उलट दिशेचा प्रवासही होतो. यान मार्डनबरो २०११ मध्ये ग्रान टुरिस्मो या गेमवरच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. २०२३ चा ग्रान टुरिस्मो सिनेमा त्याच्यावरच आहे.

मग आपल्या रस्त्यावरचं काहीच कामाला येत नाही का? येतं, आणि चांगलं येतं. समोरचा काय करणार हे त्याने करायच्या आधी ओळखणं ही आपल्याकडच्या ड्रायव्हरची खरी कमाई आहे. मिरजगावच्या बाजारातून गाडी काढणाऱ्याला पुढच्याची मान किंचित वळली तरी कळतं. ऑनलाइन शर्यतीत ही नजर सोन्यासारखी, कारण तिथे नुसता वेग मोजत नाहीत. आयरेसिंगमध्ये ट्रॅकबाहेर चाक गेलं तर १, गाडीवरचा ताबा सुटला तर २ आणि दुसऱ्या गाडीला जोरात धडक बसली तर ४ असे इन्सिडंट पॉइंट लागतात. चूक कोणाची हे सॉफ्टवेअर बघत नाही, दोघांनाही लागतात. हे पॉइंट वाढत गेले तर सेफ्टी रेटिंग घसरतं आणि रुकीच्या पुढचं लायसन्स मिळत नाही. ग्रान टुरिस्मो ७ मध्येही वेगाचं आणि सभ्यतेचं रेटिंग वेगवेगळं असतं. म्हणजे 'मी नियमात होतो, तो आला अंगावर' हे इथे चालत नाही. नगर-सोलापूर रोडवर तरी कुठे चालतं म्हणा!

एक गोष्ट मात्र कुठल्याच रस्त्यावर शिकायला मिळत नाही, ती म्हणजे लॅग. तुमचा आणि समोरच्याचा पिंग १०० मिलिसेकंद असेल, तर त्याच्या गाडीची जागा सर्व्हरमार्गे तुमच्यापर्यंत यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात साडेपाच मीटर. स्विफ्टच्या लांबीपेक्षा जास्त! म्हणून गेम त्याच्या शेवटच्या वेगावरून अंदाज बांधून गाडी पुढे सरकवून दाखवतो. तुम्ही बघता ती गाडी नसते, गाडीचा अंदाज असतो. त्याने अचानक ब्रेक मारला तर तो अंदाज चुकतो आणि तुमच्या स्क्रीनवर न झालेली धडक त्याच्या स्क्रीनवर होते. त्यामुळे शेजारी गाडी असताना रस्त्यावर सोडता त्यापेक्षा जास्त जागा सोडा. मोबाइल डेटावर पिंग सतत वर-खाली होतो, फायबर असेल तर तेच वापरा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. शर्यतीच्या मध्ये लाइट गेली तर कोणी थांबत नाही.

व्हील आणि पेडलचा साधा संच वीस-तीस हजारांपर्यंत जातो, शिवाय पीसी किंवा कन्सोल. तेवढा खर्च आत्ता नको असेल तर फोनवरही सुरुवात होते. अॅस्फाल्ट नको, तो मजेचा आहे, त्यात टायरचा हिशोबच नाही. ग्रिड ऑटोस्पोर्टसारखा गेम घ्या आणि ब्रेक असिस्ट, स्टीअरिंग असिस्ट बंद करा. एकच गाडी, एकच ट्रॅक, आणि आठवडाभर एकट्याने लॅप मारा. लॅप टाइमचा आकडा सोडा, दहा लॅपमधला फरक अर्ध्या सेकंदात येतो का ते बघा. ब्रेकसाठी कडेची एक खूण ठरवा, जशी आपण घाटात 'त्या वडापाशी गिअर पाडायचा' अशी ठरवतो.

प्रत्यक्ष टायरची सीमा अनुभवायची असेल तर बंद ट्रॅकच हवा. आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरला, डीआरडीओच्या व्हीआरडीई या संस्थेत टेस्ट ट्रॅक आहेत, पण ते वाहनांच्या चाचणीसाठी, आपल्यासाठी नव्हे. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. कार्टमध्ये अर्धा तास घालवला की कमरेला काय कळतं आणि स्क्रीनवर काय कळत नाही, हे एका बैठकीत समजतं.

शेवटी डाव्या पायाबद्दल, कारण हे सिम्युलेटरवर रुळलेल्यांसाठी धोक्याचं आहे. शर्यतीत ब्रेक डाव्या पायाने मारतात, उजवा फक्त अॅक्सिलरेटरवर. महिनाभरात डाव्या पायाला सवय लागते. पण घरच्या गिअरवाल्या गाडीत डावा पाय आयुष्यभर क्लच तळापर्यंत दाबत आलेला असतो, त्याला हलका दाब माहीत नसतो. तोच पाय तंद्रीत ब्रेकवर गेला तर गाडी जागीच थांबते आणि मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला तसं थांबता येत नाही. तासभर शर्यत खेळून उठलात तर लगेच चावी घेऊ नका. चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, आणि गाडीत बसल्यावर निघण्याआधी दोनदा नुसता क्लच दाबून बघा.