पुरावस्तू की जादा शस्त्र?

शंभर वर्षांपूर्वीच्या एकाच रायफलीकडे आपले दोन कायदे दोन निरनिराळ्या नजरांनी पाहतात. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची आणि किमान शंभर वर्षे जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते. कोणाही खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मात्र त्या रायफलीचे वय विचारत नाही. ती डागता येते का आणि परवानाधारकाकडे ती कितवी, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीने बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. म्हणजे देशाचा ठेवा म्हणून जी वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, तीच तिसरी ठरली तर घरातही राहू द्यायची नाही, अशी ही व्यवस्था आहे.

या प्रश्नात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगायला हवे. माझ्या परवान्यावर दोन शस्त्रे आहेत: पहिल्या महायुद्धापूर्वी बर्मिंगहॅममध्ये घडलेली बारा बोअरची दुनळी बंदूक आणि विंचेस्टरची १८९५ च्या नमुन्याची लिव्हर रायफल. शिकारीशी माझा संबंध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कोणाचाच असू नये. दुनळी अधूनमधून रेंजवर मातीच्या तबकड्यांवर चालवतो. रायफल मात्र अनेक वर्षे मुकीच आहे, कारण तिच्या .४०५ मापाची काडतुसे आपल्या आयुध निर्माणी बनवत नाहीत.

ही रायफल जतन करण्याजोगी का, हे तिच्या रचनेतच दिसते. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली-पुढे ढकलली की रिकामे काडतूस बाहेर पडते. ती परत वर ओढली की नवे काडतूस नळीत बसते. आधीच्या लिव्हर रायफलींत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहत. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकत असल्यामुळे गोळ्या बोथट ठेवाव्या लागत. जॉन ब्राउनिंग यांनी १८९५ च्या नमुन्यात नळकांड्याऐवजी पेटी बसवली आणि ती अडचण संपली. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये हीच रायफल आफ्रिकेत नेली. पहिल्या महायुद्धात झारच्या रशियाने सैन्यासाठी अशा सुमारे तीन लाख रायफली घेतल्या. आणि आपल्याकडे, बंगळूरुचे केनेथ अँडरसन दक्षिणेच्या जंगलांत नरभक्षकांच्या मागावर फिरत, तेव्हा त्यांच्या हातात .४०५ विंचेस्टर असे.

दुनळ्यांचा इतिहास तर आपल्या आणखी जवळचा. अनेक जुन्या बंदुकांवर इंग्लंडमधील कारागिराच्या जोडीला मँटन किंवा रॉडा अशा कलकत्त्याच्या विक्रेत्याचे नाव कोरलेले आढळते. यांपैकी रॉडा कंपनीच्या मालातूनच २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली होती. बंदुकीवरचा क्रमांक, चाचणीगृहाची मुद्रा आणि विक्रेत्याचे नाव ही तिची जन्मपत्रिका असते. विंचेस्टरच्या कित्येक जुन्या नमुन्यांच्या कारखान्यातील नोंदी अमेरिकेत वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. हे ओझरते वाचन नव्हे. व्यापार, धातुविद्या आणि सत्ता यांचा तो मूळ दस्तऐवज आहे.

जुनी बंदूक चालवणे हे तिच्याविषयीच्या ज्ञानाचेच एक अंग आहे आणि त्यात निष्काळजीपणाला जागा नाही. त्या काळच्या कित्येक इंग्रजी दुनळ्यांचे चेंबर ६५ मिलिमीटरचे असे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येणारे ‘शक्तिमान’ काडतूस ७० मिलिमीटरचे आहे. गफलत अशी की, ते जुन्या चेंबरमध्ये सहज बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडताना ते तोंड उलगडते, नळीच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून बनवलेल्या लहरदार दमास्कस नळ्यांचा धोका याहून मोठा, कारण त्यांतल्या बहुतेक काळ्या दारूसाठी घडल्या होत्या. म्हणून नळीखालच्या मुद्रा वाचता येणारा, जाडी मोजणारा जाणकार लागतो. असे जाणकार शस्त्रदुरुस्तीच्या जुन्या दुकानांत होते. आता ती दुकाने एकामागून एक बंद होत आहेत.

कायद्याचा इतिहास पाहिला तर शस्त्रांविषयीची आपली द्विधा मनःस्थिती जुनीच आहे. लॉर्ड लिटन यांच्या काळातील १८७८ च्या कायद्याने भारतीयांना परवान्याखाली आणले आणि युरोपीयांना सूट दिली. तो अपमान राष्ट्रीय चळवळीला इतका सलत होता की, १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद झाला. घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत आणण्याचा प्रयत्न केला. तो फेटाळला गेला आणि माझ्या मते योग्यच झाले. स्वतंत्र भारताच्या कायद्यात सुरुवातीला संख्येची मर्यादा नव्हती. १९८३ मध्ये ती तीन झाली आणि २०१९ मध्ये दोन. सरकारचा मूळ प्रस्ताव तर एकाच शस्त्राचा होता.

या दुरुस्तीत वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रांनाही दोनची मर्यादा लागू आहे. जादा शस्त्र एका वर्षात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. जमा केलेले शस्त्र मुदतीत विकले वा हस्तांतरित केले नाही, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ते सरकारजमा होऊ शकते. या साखळीत कोठेही, हे शस्त्र इतिहासाच्या दृष्टीने काय आहे, असा प्रश्न विचारण्याची सोय नाही. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात गावठी कट्टा आणि शतकापूर्वीची कोरीव दुनळी एकाच दमट कोपऱ्यात पडून राहतात. ऐंशीच्या दशकापासून खासगी आयात जवळजवळ बंद असल्याने, इथे जे नष्ट होईल ते पुन्हा येणार नाही.

फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने ‘क्युरिओ’ प्रकारातील शस्त्रे परवान्याविना बाळगण्याची मुभा दिली, हे खरे. ती वापरायची किंवा कोठे न्यायची असतील तर परवाना लागतो. दिशा योग्य आहे. पण जे शस्त्र जुनेही आहे आणि चालूही, ते परवान्यावर आले की पुन्हा दोनच्या हिशेबात अडकते. आपल्या कायद्यात दिवाणखान्याच्या भिंतीवरची मुकी बंदूक आहे आणि संरक्षणासाठीचे शस्त्र आहे. या दोहोंमधला संग्राहक नाही.

यावरचा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. .४०५ ची गोळी १९०४ मध्ये जितकी प्राणघातक होती, तितकीच आजही आहे. लग्नाच्या वरातीत परवान्याच्या बंदुकीतून उडालेल्या बाराने माणसे मेली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला स्वतंत्र शिक्षा ठेवली, ती आवश्यकच होती. वयाच्या निकषावर सरसकट सूट देणेही धोक्याचे. अमेरिकेचा संघीय कायदा १८९८ किंवा त्यापूर्वीच्या शस्त्रांना सर्वसाधारण बंदूकच मानत नाही. ब्रिटनने कालबाह्य मापांची यादी करून तशी शस्त्रे केवळ शोभेची वस्तू म्हणून ठेवण्यास मुभा दिली. पण गुन्हेगार त्याचा फायदा घेऊ लागल्यावर २०२१ च्या नियमांत सात मापे यादीतून वगळावी लागली. धडा स्पष्ट आहे: सूट नको, वर्गीकरण हवे.

तरीही संख्या घटवली की गुन्हे घटतात, हा तर्क तपासायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत गोळीबाराने झालेले बहुसंख्य खून बिनपरवाना शस्त्रांनी झालेले दिसतात. कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. २०१९ मध्ये ती ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली गेली. तिथे कैलपोळ्द सणाला, आपल्याकडे खंडेनवमीला होते तशी, शस्त्रांची पूजा होते. सर्व देशाने ते अनुकरण करावे, असे मी म्हणणार नाही. पण शस्त्राचे सांस्कृतिक स्थान ओळखून वेगळा नियम करता येतो, हे राज्यसंस्थेने स्वतःच मान्य केले आहे.

म्हणून मागणी मर्यादित आहे. ‘वारसा शस्त्र’ असा तिसरा वर्ग असावा. परवाना, पोलीस तपासणी आणि कुलूपबंद तिजोरी सक्तीची असावी. मात्र दोनच्या मर्यादेत त्याची गणना होऊ नये. त्यासाठी काडतुसे घरी ठेवता येऊ नयेत. ती मान्यताप्राप्त रेंजवरच मिळावीत आणि तिथेच संपावीत. परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीकोशात अशा शस्त्राचा निर्माता, वर्ष आणि चेंबरची लांबी नोंदली जावी. कोणतेही जुने शस्त्र सरकारजमा करण्यापूर्वी शस्त्रतज्ज्ञ व पुरातत्त्वज्ञ यांच्या समितीने ते पाहावे आणि संग्रहालयांना पहिली संधी मिळावी. आयुध निर्माणींनी जुन्या नळ्यांची दाबचाचणी आणि ६५ मिलिमीटरची काडतुसे उपलब्ध करून दिली, तर अपघातही टळतील.

यात सरकारचे नियंत्रण कमी होत नाही, उलट वाढते. जो मालक तिसरे शस्त्र गमावण्याच्या भीतीने ते माळ्यावर लपवतो, तो उद्या नोंदणीसाठी स्वतःहून पुढे येईल. शस्त्रबंदीचे धोरण आणि वारशाचे धोरण परस्परविरोधी असण्याचे कारण नाही. दोन्हींना हवी असते ती एकच गोष्ट, अचूक नोंद.